हिरव्या चिंधीतलं ढेकूळ

माझी धाकटी बहीण चिखल वाचते. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे. आमच्या कारखान्यातल्या एकानं तर विचारलं होतं, "म्हणजे हात पाह्यतात तसं काय, भाऊ?" मी होय म्हणालो. समजावून सांगायला गेलो की माझंच अर्ध्यात अडतं.

तरी सांगतो. उत्तरेकडच्या एका देशात, जिथं अर्धं वर्ष तळी गोठलेली असतात, तिथं ती नोकरीला आहे. तळ्यावरचा बर्फ माणसाचं वजन पेलेल इतका जाड झाला की ही मंडळी त्यावर उभी राहतात, भोक पाडतात, आणि एक लांब नळी पार तळाच्या गाळात घुसवतात. नळीत जो गाळ येतो तो थर न मोडता वर काढायचा. सगळ्यात वरचा यंदाचा, त्याखालचा गेल्या सालचा, असं उतरत गेलं की शेवटी हिमयुग लागतं. त्या गाळात जुन्या फुलांचे परागकण अडकलेले असतात. त्यांचं टरफल इतकं चिवट की पाण्याखाली, जिथं हवा पोचत नाही तिथं, ते हजारो वर्षं कुजत नाहीत. बहीण ते भिंगाखाली घालते आणि सांगते की इथं तेव्हा गवत होतं, मग घोट्याएवढी झाडं आली, मग थंडी परत फिरली आणि झाडं मेली. बारा-तेरा हजार वर्षांमागचं सांगते. मला परवा डब्यात कोणती भाजी होती हे विचारलं तर मी बायकोला फोन लावतो.

मी यवतमाळला राहतो आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. म्हणजे वस्तू सांभाळणं हा माझा धंदा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला लागेल.

आमचं गाव फुलसावंगीच्या अलीकडे. बाबा तिथं कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन करायचे. त्यांनाही चिखल वाचता यायचा, पण उलट्या बाजूनं. आमच्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी मातीची घागर भरतात, गेलेल्या माणसांच्या नावानं. ती जमिनीवर ठेवत नाहीत. वावरातून चार ढेकळं आणायची, पावसाच्या चार महिन्यांची चार, आणि त्यांवर घागर ठेवायची. नवी घागर पाझरते. संध्याकाळी उचलून पाहायची. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त. कोरडं राहिलं तो महिना कोरडा. घरोघर हे करतात आणि दुसऱ्या दिवशी ढेकळं उकिरड्यावर टाकतात. बाबा टाकत नसत. सगळ्यात जास्त भिजलेलं एक ढेकूळ ते उन्हात वाळवायचे, एखाद्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधायचे आणि एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. दिवाळीला पेटी उघडून म्हणायचे, "श्रावण म्हनत होती हे. पडला श्रावणात. खरं बोलली." खोटं बोललेलंही ढेकूळ ते फेकत नसत. "चुकली तं काय झालं, आपल्याच वावरातली हाये."

बहीण लहानपणी त्यांची फार चेष्टा करायची. "बाबा, मातीले काय समजते?" पुढे त्याच प्रश्नावर तिची नोकरी चालली, तेव्हा बाबांनी ती संधी सोडली नाही. पहिल्यांदा तिनं तिकडून मोबाइलवर गाळाची नळी दाखवली, तेव्हा बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"काळी नाई ही. बरड हाये. कापूस येनार नाई याच्यात."

"बाबा, हे तळ्याच्या बुडचं हाये. याच्यात घोट्याएवढी झाडं होती. बर्फ गेल्यावर पह्यले तेच आले."

"घोट्याएवढ्याले झाड कोन म्हनते? तन म्हन." मग जरा थांबून, "आन तू जे सांगतं ते खरं निघालं का, हे कोन पाह्यते? मी तं दिवाळीले पाह्यतो."

"मी मांगचं सांगतो बाबा, पुढचं नाई."

"मग तं सोपं हाये," बाबा म्हणाले, आणि ती तिकडे बर्फात बसून हसली.

आता जे सांगायचं ते हसण्यासारखं नाही.

आमची माय गेली तेव्हा बहीण सहा वर्षांची होती, मी बारा. पावसाळ्याचे दिवस होते, ताप आला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. माझ्याजवळ मायच्या आठवणी पुष्कळ आहेत, मार खाल्ल्याच्याच जास्त. बहिणीजवळ एकच आहे. नाल्याकाठच्या तुकड्यात माय उभी आहे, आणि तिच्या मांड्यांपर्यंत निळी फुलं आहेत. वाऱ्यानं ती हलतात. माय वाकून काहीतरी तोडते आणि हिच्याकडे पाहून "इकडे ये" म्हणते. एवढंच. चेहरासुद्धा नीट नाही, असं ती म्हणते, फुलंच स्पष्ट आहेत. थोडी मोठी झाल्यावर तिनं ठरवलं की ती जवसाची होती.

आणि मी गेली तीस-पस्तीस वर्षं तिला सांगत आलो की असं काही नव्हतं. नाल्याकाठी तूर होती, एखाद्या वर्षी हरभरा. जवस आमच्या वावरात मी कधी पाहिला नाही. "किराण्यावाल्याच्या कॅलेंडरवर निळी फुलं होती, तेच पाह्यलं तू," असं मी म्हणायचो, आणि मग ते घरातलं ठरीव विनोदाचं वाक्य झालं. तिला काहीही आठवलं की मी "कॅलेंडर" म्हणायचो. तिच्या लग्नातसुद्धा म्हणालो. ती हसायची. आपण म्हटलेल्यावर माणूस हसलं की आपल्याला वाटतं, त्याला लागलं नाही.

बाबांना विचारलं नाही का, असं कुणीही विचारेल. विचारलं होतं तिनं. पण माय गेल्यावर बाबा त्या तुकड्याविषयी बोलत नसत. विषय निघाला की उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे, बैल विकल्यावरही त्याच बाजूला जायचे. पुढे ती तिकडे नोकरीला लागली, तेव्हा एकदा फोनवर तिनं परत विचारलं. त्या वेळी ते म्हणाले, "पेटीत हाये त्या सालचं. तुह्या मायनंच आनलं होतं ढेकूळ, नाल्याकाठून. तिच्याच हिरव्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं. मातीले इचार. तुले येते म्हनतात."

हे त्यांच्या दोघांतलं बोलणं. मला ते माहीत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पौषात, तुरीची सोंगणी चालू असताना, बाबा गेले. बहीण तेव्हा तळ्यावर होती. तिथं फोन लागत नाही. निरोप पोचायला दोन दिवस गेले आणि तोवर इकडचं सगळं झालं होतं. ती बोलली तेव्हा रडली नाही. मागून वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणाली, "दादा, बाबाची पेटी सांभाळ. ढेकळाची. मी उन्हाळ्यात येतो. कोनाले हात लावू देऊ नको."

मी म्हणालो, "बाई, मी स्टोअरकीपर हाओ."

कारण तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे.

वावर चुलतभावाला करायला दिलं, गावच्या घराला कुलूप घातलं आणि पेटी यवतमाळला आणून पलंगाखाली ठेवली. मग आखजी आली, बाबांच्या नावाची पहिली. बायकोनं कुरडया काढल्या, चिंचवणीला चिंच भिजत घातली आणि मला म्हणाली, "घागर आनली. ढेकळं?"

आमच्या कॉलनीत खालून वरपर्यंत सिमेंट. मातीच्या नावानं कुंड्या, त्यातही नर्सरीतली लाल माती. गाडी काढून शहराबाहेर जायला हवं होतं. ऊन फार होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही, खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. आणि मग एक कल्पना सुचली, जिचा मला दोन तास अभिमान वाटला. बाबांच्या घागरीखाली बाबांचीच ढेकळं. यापेक्षा चांगलं काय? हात लावू देऊ नको असं बहीण म्हणाली होती, पण ते दुसऱ्यांसाठी, असा मी अर्थ लावला.

पेटी उघडली. आत पस्तीस-चाळीस गाठोडी, लिंबाएवढी, पेरूएवढी. कोणती घ्यायची? इथं माझा धंदा आडवा आला. स्टोअरमध्ये पहिला नियम, जुना माल आधी काढायचा. नवा माल मागे, जुना पुढे. इतक्या वर्षांत हात आपोआप तसेच चालतात. मी तळाशी हात घातला आणि सगळ्यात जुनी चार गाठोडी काढली. चिंध्या सोडल्या. त्यांतली एक हिरवी होती. काठावर पिवळी रेघ. मी ती पाहिली, आणि घागरीचं बूड पुसायला घेतली.

नवी घागर चांगली पाझरली. जुनी, सुकलेली माती, पाणी लागताच फुलली आणि बसली. संध्याकाळी उचलून पाहतो तर चार महिने कुठले, सगळा एक काला झाला होता. मी बायकोला म्हणालो, "यंदा चारही महिने पाऊस." तिनं फरशी खराब होते म्हणून तो काला सुपलीनं उचलला आणि गॅलरीतल्या एका कुंडीत टाकला, जिच्यात मोगरा वाळून काडी झाला होता.

आठ-दहा दिवसांनी बहीण आली. जेवली, वहिनीशी बोलली, बाबांच्या फोटोपुढे बराच वेळ बसली. मग पर्समधून लहान काचेच्या नळ्या आणि पातळ हातमोजे काढले आणि म्हणाली, "दादा, पेटी."

मी पेटी ओढली. तिनं एकेक गाठोडं काढून क्रमानं फरशीवर मांडलं. इतक्या सावकाश की दवाखान्यात असल्यासारखं वाटलं. तळ लागला. तिनं पेटी उजेडाकडे तिरपी केली.

"हिरवी चिंधी कुठी हाये?"

"कोनती हिरवी?" मी म्हणालो. मग घाई झाली मला. "उंदीर झाले होते बाई पेटीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "उंदीर माती खात नाई, दादा. चिंधी खाते. माती कुठी हाये?"

तेव्हा सांगितलं. ढेकळं, घागर, जुना माल आधी, सगळं. आणि मग तिनं मला सांगितलं. बाबांचं बोलणं. आणि जवस. म्हणाली, जवसाचे परागकण वाऱ्यानं लांब जात नाहीत, थोडेच असतात आणि ओळखायला सोपे. जिथं सापडले तिथंच तो उगवला होता, असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं. एक दाणा मिळाला असता तरी पुरे होता. वावराच्या मातीत ते टिकत नाहीत फारसे, हवा लागते, तरी एखादा.

"मले एकच पाह्यचं होतं," ती म्हणाली, "का माय मले खरंच आठवते का नाई."

मी आयुष्यात पहिल्यांदा "कॅलेंडर" म्हणालो नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "कुंडीतलं नाई चालत काय?" बहीण गॅलरीत गेली. वरची माती चमच्यानं बाजूला करत तिनं काळी माती हुडकली, चार नळ्या भरल्या, झाकणं लावली. हात धुताना म्हणाली, "चार साल एकात मिसळले, वरून नर्सरीची माती. कोनाले दाखवता येनार नाई हे. पन पाह्यतो." जाताना ती पेटी मात्र घेऊन गेली नाही. "राहू दे तुह्याजवळ," म्हणाली. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला.

"तूर होती दादा. गवत. ज्वारीसारखं काहीतरी. आन गाजरगवत भरपूर, तुह्या कॉलनीतलं."

"आन जवस?"

"नाई."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "बाई, मले वाटते होता तिथं जवस. मले आता आठवते, गुडघ्याएवढा होता."

ती अगदी हळू म्हणाली, "नको दादा." आणि लगेच वहिनीची तब्येत विचारली. पस्तीस वर्षं ज्यानं नाही म्हटलं, त्याचा हो कोण घेणार? त्यातून तिला मांड्यांएवढा आठवत होता आणि मी गुडघ्याएवढा म्हणालो होतो. मला खोटंही धड मापाचं बोलता आलं नाही. आता विचार केला तर सहा वर्षांच्या पोरीला सगळंच उंच दिसतं, पण तेव्हा हे सुचलं नाही.

दिवाळीनंतर मी स्वयंपाकघरातल्या डब्यातले, चटणीसाठी आणलेले मूठभर जवस त्या कुंडीत टाकले. का टाकले ते सांगता येत नाही. बायकोला म्हणालो, कुंडी रिकामी बरी दिसत नाही. उगवले. बारीक काड्या, बारीक पानं, वाऱ्यानं लगेच वाकणारी. संक्रांतीच्या आधी कळ्या आल्या.

तेव्हा माझी पहिली पाळी चालू होती. सहाला, झुंजुमुंजू असताना घर सोडायचं, तीन-साडेतीनला परत. रोज आल्यावर गॅलरीत जाऊन पाहायचो. कळ्या, हिरवी बोंडं, फूल एकही नाही. आठवडाभर पाहिलं.

"फुललेच नाई हे," मी बायकोला म्हणालो.

"फुलले ना. रोज फुलतात. निळेभोर."

"मले तं एक दिसलं नाई."

"तुम्हाले दिसलं नाई म्हनजे नाई काय? सकाळी उमलतात, दुपारपर्यंत गळतात. मी रोज झाडून राह्यली."

मी तिच्याशी वाद घातला. पाच-दहा मिनिटं तरी घातला, सवयच आहे मला. मग रविवार आला. सकाळी नऊच्या सुमारास गॅलरीत गेलो, तर कुंडी निळी होती. त्या निळ्याला काय म्हणावं कळत नाही, धुतलेल्या आभाळासारखा पातळ. मी खुर्ची घेऊन बसलो. साडेअकराच्या पुढे वारा नसतानाही पाकळ्या एकेक सुटायला लागल्या. एक वाजता फरशीवर निळा कचरा आणि झाडावर फक्त हिरवं. कुणी तेव्हा आलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की इथं फूल नव्हतं.

गावात आमची शाळा सकाळची होती. सातला भरायची, बाराला सुटायची. सुटली की मी दप्तरासह तडक वावरात जायचो, कारण भाकरी तिथं असायची. धाकटी शाळेत जात नव्हती. ती सकाळपासून मायसोबत असायची.

म्हणजे इतकी वर्षं मी जे छातीठोकपणे सांगत होतो, ते दुपारी एकचं वावर होतं. आणि फूल नसलेला जवस त्या वयात मी ओळखला असता काय? मला तुरीत आणि तणात फरक कळायचा तो माय ओरडल्यावर.

बहीण तेव्हा परत तळ्यावर गेली होती. फोन लागत नव्हता. बाबांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हाही लागला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. उगाच वहीवर वेळ लिहून ठेवली, किती वाजता उमलली, किती वाजता गळली, तिला तसलं आवडतं म्हणून. नंतर एका दुपारी तिचा फोन आला. गाळ चांगला मिळाला म्हणाली, एक बोट गोठता गोठता राहिलं म्हणाली. मी तिला कुंडीचं सांगितलं. वहीवरच्या वेळा वाचून दाखवल्या.

"शाळा बाराले सुटत होती?" तिनं विचारलं.

"बाराले. वावरात पोचेपर्यंत साडेबारा-एक."

"आन रविवारी?"

"रविवारी मी विटीदांडू खेळत होतो. भूक लागली का मगच वावर."

तिनं वेळा परत एकदा वाचायला लावल्या. मी वाचल्या.

"हा पुरावा नाई, दादा," ती म्हणाली.

"नाई."

"तिथं जवस होता, हे याच्यानं कळत नाई."

"नाई कळत. फक्त माही साक्ष बाद झाली."

"हो," ती म्हणाली. "तेवढी झाली." आणि मग तिचा आवाज असा फुटला, जसा बाबा गेले तेव्हा फुटला नव्हता. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. बायको पाणी घेऊन आली, माझ्याकडे पाहून ग्लास ठेवून गेली.

हिरवी चिंधी मी नंतर शोधली होती. घागर पुसून नळावर वाळत टाकली होती, तिथून कुठं गेली कोणाला माहीत नाही. पेटी पलंगाखाली आहे. खालची चार गाठोडी सोडून बाकी सगळी आहेत, बहिणीनं मांडली त्याच क्रमानं. यंदाच्या आखजीसाठी चुलतभावाला सांगून ठेवलंय की ढेकळं न्यायला मी स्वतः येईन, नाल्याकाठून, आणि सकाळीच येईन. तो म्हणाला, "सकाळी कायले? दुपारून या ना आरामशीर, जेवून."